दूरची नस्ती, जवळचे कपाट

२०१९ सालच्या एका सोमवारी सकाळी माझ्या दिल्लीतील कार्यालयात निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशांचा सामायिक फोल्डर रिकामा दिसला. आदल्या दिवशी देखभालीसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्यात आला होता. फोल्डर जागेवर होता, नावही तेच होते. आत मात्र एकही आदेश नव्हता. जुने आदेश दुसरीकडे हलवले असावेत, असे गृहीत धरून कक्षाने काम चालू ठेवले आणि दुपारपर्यंत ३१ नवे आदेश तेथेच ठेवले. तीन वाजता तंत्रज्ञाने काही आज्ञा दिल्या. जुने सारे आदेश परत आले आणि नवे ३१ दिसेनासे झाले. त्यांत एका विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश होता. त्या बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या आणि बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. संगणकाची माझी जाण कामापुरती. परंतु ज्या आदेशांवर आपली सही आहे ते आपल्याच कार्यालयात डोळ्यांदेखत नाहीसे का व्हावेत, हे कळल्यावाचून मला चैन पडेना. त्यासाठी मला एका शब्दाचा इतिहास चाळावा लागला. तो शब्द म्हणजे 'माउंट'.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची सुरुवात केली. त्या काळी चकत्यांचे जड संच हाताने यंत्रावर चढवावे लागत. माउंट हा शब्द त्या कामातून आला. युनिक्समध्ये साऱ्या नस्त्या एकाच वृक्षाच्या फांद्यांवर असतात. नवी चकती चढवली की तिच्यातील नस्त्या या वृक्षावरील एखाद्या फोल्डरच्या जागी दिसू लागतात. थॉम्प्सन आणि रिची यांच्या १९७४ च्या प्रसिद्ध निबंधात ही रचना सांगितलेली आहे. तिचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवावा लागतो. ज्या फोल्डरवर चकती चढते त्यात आधी काही असेल, तर ते पुसले जात नाही, झाकले जाते. भिंतीतील कोनाड्यासमोर कपाट उभे करावे, तसे.

पुढचा टप्पा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचा. १९८२ साली ती स्थापन करणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा आणि पदवी दिल्लीच्या आयआयटीची. त्या वेळी चकत्या महाग होत्या. प्रत्येक मेजावरील संगणकाला स्वतंत्र चकती देण्यापेक्षा एकच मोठी साठवण सर्वांनी तारेवरून वापरावी, हा हिशेब उघडच किफायतीचा होता. त्यातून १९८४ च्या सुमारास नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजेच एनएफएस, तयार झाली आणि १९८५ मध्ये बाजारात आली. दूरच्या यंत्रावरील नस्ती आता जवळच्या कपाटातील भासू लागली. सनने या व्यवस्थेचे नियम इतरांसाठी खुले केले आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही ती स्वीकारली. जेवढे वापरणारे वाढतील तेवढे प्रत्येकाच्या लेखी तिचे मोल वाढणार, हे त्या निर्णयामागचे अर्थशास्त्र.

या रचनेचा गाभा प्रशासकाला विचार करायला लावणारा आहे. कोणी कोणती नस्ती उघडली आहे, याची नोंद सर्व्हर मुळी ठेवतच नसे. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असे. 'अमुक नस्ती, अमुक ठिकाणापासून, एवढा मजकूर' इतके त्या मागणीतच लिहिलेले. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला तरी काम पुढे चाले. मागणाऱ्याने तीच मागणी पुन्हा करायची. अभिलेख कक्षातील कारकून बदलला तरी अडू नये, अशी ही व्यवस्था होती. तिची किंमतही होती. दोघांनी एकाच नस्तीवर एकाच वेळी लिहिले तर कोणाला थांबवायचे, हे सर्व्हरला ठाऊक नसे. कुलूप लावण्यासाठी वेगळी सेवा जोडावी लागली. चौथ्या आवृत्तीत (प्रथम २००० साली, सुधारून २००३ मध्ये) कुलपांची व्यवस्था मूळ नियमांत आली आणि सर्व्हर नोंदी ठेवू लागला.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. आरंभीच्या पद्धतीत वापरणाऱ्याचे यंत्र जो ओळखक्रमांक सांगेल तो सर्व्हर खरा मानत असे. एका इमारतीत, ओळखीच्या माणसांत हे चालून जाते. तरीही एक शहाणपणाचा नियम रूढ झाला : आपल्या यंत्रावरील सर्वाधिकारी दूरच्या साठवणीवर पोहोचला की त्याला सामान्य, अनोळखी व्यक्तीचा दर्जा मिळतो. जिल्हाधिकाऱ्याचा अधिकार त्याच्या जिल्ह्याच्या सीमेपाशी संपतो, तसेच हे.

मग क्लाउड आले. भारत सरकारचा 'मेघराज' हा उपक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. अ‍ॅमेझॉनची एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीवर चालणारी साठवण सेवा २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. क्लाउडवरील सर्व्हर ही तात्पुरती वस्तू आहे. आज आहे, उद्या मोडून दुसरा उभा करता येतो. म्हणून अभिलेख त्याच्या पोटात ठेवायचे नसतात. ते वेगळ्या साठवणीत ठेवून तारेवरून चढवायचे असतात. चकती महाग म्हणून निघालेली युक्ती सर्व्हर क्षणभंगुर झाल्यामुळे पुन्हा कामी आली.

आता आमच्या सोमवारकडे वळतो. सर्व्हर सुरू होताना कोणती साठवण कोठे चढवायची, याचा एक तक्ता असतो. रविवारी सर्व्हर उठला त्या क्षणी साठवण सेवेचा पत्ता त्याला मिळाला नाही. तक्त्यात 'साठवण न चढल्यास थांबू नये' असा पर्याय लिहिलेला होता, म्हणून तो मुकाट्याने पुढे गेला. कक्षाने पाहिला तो रिकामा कोनाडा. ३१ आदेश त्यात ठेवले गेले आणि दुपारी त्यांच्यासमोर कपाट उभे राहिले. सायंकाळी सर्वांचे काम थांबवून तंत्रज्ञाने साठवण उतरवली. सारे ३१ आदेश खाली जसेच्या तसे होते.

तो पर्याय कोणी घातला, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. तंत्रज्ञाने शांतपणे माझेच परिपत्रक पुढे ठेवले. वर्षभरापूर्वी सर्व्हर अडकून बसल्याने दीड दिवस काम बंद होते. तेव्हा 'कोणत्याही परिस्थितीत सर्व्हर सुरू झालाच पाहिजे' असे मी लिहिले होते. त्याने अक्षरशः पालन केले होते. दोष त्याचा नव्हता. काम थांबलेले वरिष्ठांना दिसते. चुकीच्या जागी चाललेले काम दिसत नाही. मी दिसणाऱ्या गैरसोयीचा बंदोबस्त केला होता.

ते परिपत्रक मी दुसऱ्या दिवशी मागे घेतले. त्याऐवजी तीन गोष्टी ठरवल्या. साठवण चढल्याची खूण सापडल्याशिवाय आदेशांची प्रणाली सुरू होऊ नये. मूळ कोनाड्यात कोणालाही काही लिहिता येऊ नये. आणि या दोन्ही गोष्टी कार्यभार हस्तांतराच्या टिपणीत साध्या शब्दांत नोंदवाव्यात, कारण अधिकारी बदलतात आणि तंत्रज्ञही बदलतात.

त्या बाईंचा आदेश बुधवारी रवाना झाला. सोमवारी त्या चार वाजेपर्यंत थांबल्या होत्या. 'तुमची नस्ती सापडत नाही' असे त्यांना सांगण्यासाठी मी स्वतः बाहेर गेलो होतो. "मागल्या वेळीही हेच सांगितलं होतं साहेब," एवढेच त्या म्हणाल्या. मागल्या वेळी तर सर्व्हर व्यवस्थित चालू होता.