हिरण्यकेशीचं पाणी आणि जिनिव्हाचा करार

उन्हाळा लागला की आमच्या संकेश्वरात नदीकाठच्या शेतकऱ्यांत एकच चौकशी सुरू होते : "वरनं पाणी सोडलंय काय?" वरनं म्हणजे महाराष्ट्रातनं. आजरा तालुक्यातल्या चित्री धरणाचं पाणी आवर्तनाने हिरण्यकेशीत सोडतात. सालगाव, ऐनापूर, निलजी अशा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडत अडत ते खाली सरकतं. कुठल्या बंधाऱ्याचे बरगे कधी काढले, कधी घातले, यावर खालच्या पात्रात पाणी राहणार की नुसते खडक, हे ठरतं. पावसाळ्यात चौकशी तीच, फक्त भीतीची. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदी गावात शिरली तेव्हा लोक रात्र रात्र जागून वरच्या गावांतल्या पाहुण्यांना फोन करत होते : आंबोलीत पाऊस किती, गडहिंग्लजला पाणी कुठवर आलं?

पाहुण्यांना फोन करून कळणारी गोष्ट सरकारी कागदातून का कळू नये, हा या लेखाचा विषय आहे.

हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. संकेश्वर-बांदा राष्ट्रीय महामार्ग याच गावांवरनं उलटा वर जातो. रस्त्याला दोन राज्यांत मिळून एकच क्रमांक आहे आणि तो एक काम म्हणूनच आखला गेला. नदीच्या नशिबी तसा एक कारभार आलेला नाही.

आपल्या भागात कुठल्याही दुखण्याचं मूळ १ नोव्हेंबर १९५६ या तारखेत शोधायची सवय आहे. मलाही आहे. पण नदीपुरतं बोलायचं तर ते अर्धंच खरं आहे. संकेश्वर आज हुक्केरी तालुक्यात असलं तरी इंग्रजी अमलात ते चिकोडी तालुक्यात होतं. चिकोडी आणि मनोळी हे तालुके १८१७ नंतर कोल्हापूरकरांकडे आले आणि १८२७ च्या तहाने पुन्हा त्यांच्या हातून गेले. तेव्हापासून संकेश्वर कंपनी सरकारच्या आणि नंतर मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात राहिलं. गडहिंग्लज मात्र कोल्हापूर संस्थानात, आणि त्याच्याही वर आजरा हे इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत. म्हणजे इंग्रजांच्या काळात एकाच नदीवर तीन धनी होते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा कुठं आजरा, गडहिंग्लज आणि संकेश्वर एका सरकारखाली आले. ते सुख किती टिकलं? सात वर्षं आणि आठ महिने. मग राज्य पुनर्रचना झाली, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो आणि गडहिंग्लज मुंबई राज्यात राहिलं. जवळजवळ सव्वाशे वर्षांची जुनी रेघच पुन्हा ठळक झाली म्हणायची.

लोकांनी ती रेघ कधी फारशी मनावर घेतली नाही. संकेश्वरी मिरचीचंच बघा. नाव आमच्या गावाचं आणि सौदे नावाजलेले गडहिंग्लजच्या बाजारातले. सोयरीक, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं इकडनं तिकडं चालूच आहे. तेव्हा दोन गावांत प्रेम नाही म्हणून पाण्याचं जमत नाही, हे काही खरं नाही. प्रेम भरपूर आहे. कागद नाही.

आता कागद अजिबातच नाही असंही नाही, एक फार मोठा आहे. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिलं. हे आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. त्याच निवाड्यातली एक ओळ मात्र आमच्याकडं फार थोड्यांना ठाऊक असते. लवादाने खोऱ्याचे उपखोरे पाडले, त्यात घटप्रभेचं उपखोरं 'के-३'. हिरण्यकेशी त्यातच येते. या उपखोऱ्यातून महाराष्ट्राने एका जलवर्षात सात टीएमसीपेक्षा जास्त पाणी वापरू नये, अशी मर्यादा निवाड्यात घातली आहे. म्हणजे दिल्लीत बसलेल्या न्यायमूर्तींच्या नजरेतून आमची नदी सुटली नव्हती.

पण तो हिशोब वर्षाचा आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कुठल्या बंधाऱ्याचे बरगे किती दिवस उघडे ठेवायचे, याचं उत्तर सात टीएमसीत सापडत नाही. जुलैच्या एका रात्री पाणी किती वेगाने चढतंय तेही सापडत नाही. गावाची तहान महिन्यावर असते, पूर तासावर असतो, आणि निवाडा वर्षावर. मला तरी खरी मेख इथं दिसते.

अशी मेख दुसरीकडं कुणी सोडवली आहे का, हे शोधताना मी युरोपात पोचलो. तिथल्या शहरांनी मिळून काम करण्याची परंपरा आहे. २७ मे १९९४ रोजी डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग या शहरात ८० स्थानिक संस्थांनी शाश्वत नगरविकासाच्या सनदेवर सह्या केल्या आणि पुढं शेकडो गावं त्यात आली. सनद चांगली आहे, पण सनदेनं बरगे निघत नाहीत. मला जास्त भावला तो जिनिव्हाचा करार, कारण त्यात तत्त्वज्ञान कमी आणि मीटर जास्त आहेत.

आर्व्ह ही नदी फ्रान्समध्ये शामोनीच्या खोऱ्यातून येते आणि जिनिव्हात रोन नदीला मिळते. म्हणजे जिनिव्हा हे त्यांचं संकेश्वर, खालचं गाव. तिथं भांडण नदीचं नव्हतं, भूजलाचं होतं. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी विहिरी उपसून उपसून १९६० आणि ७० च्या दशकांत पाण्याची पातळी कित्येक मीटर खाली गेली. शेवटी जिनिव्हाने आर्व्हचं पाणी उचलून, गाळून, जमिनीत मुरवण्याचा कारखाना काढायचं ठरवलं. पण मुरवलेलं पाणी सरहद्द ओळखत नाही. पैसे जिनिव्हाचे आणि पाणी पलीकडच्या विहिरींना, हे कुणाला परवडणार? म्हणून ९ जून १९७८ रोजी जिनिव्हा कँटनचं सरकार आणि फ्रान्सच्या ओत-साव्वा जिल्ह्याचा प्रीफेक्ट यांच्यात करार झाला. प्रीफेक्ट म्हणजे आपल्या कलेक्टरसारखाच, वरच्या सरकारने नेमलेला अधिकारी.

करारात काय आहे? दोन्ही बाजूंचे तीन-तीन असे सहा जणांचं मंडळ. प्रत्येक विहिरीवर मीटर. पाणी किती उपसायचं याचा दरवर्षी आधी आराखडा. फ्रान्सच्या बाजूने वर्षाला ५० लाख घनमीटरपर्यंत पाणी घ्यावं, त्यातलं २० लाख घनमीटर फुकट, आणि त्यापुढं मुरवण्याच्या खर्चात वाटा उचलावा. हे फुकटचं पाणी मला फार शहाणपणाचं वाटतं. तुमच्या जमिनीत पाणी आपसूक मुरतं, त्याचे पैसे आम्ही मागणार नाही, असा तो मान आहे. हिशोब मांडताना आधी समोरच्याचा हक्क कबूल केला की पुढची घासाघीस सोपी जाते, हे आमच्याकडचा कुठलाही अडत्या सांगेल.

त्यापुढची गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. २००७ मध्ये कराराचं नूतनीकरण झालं तेव्हा फ्रान्सच्या बाजूने सही प्रीफेक्टची नव्हती. आनमास परिसरातल्या गावांचा संघ, शेजारच्या गावांचा दुसरा संघ आणि व्हिरी नावाचं गाव, यांनी स्वतः सह्या केल्या. पाणी पिणाऱ्यांनीच कागद केला. त्यासाठी आधी देशांनी वाट मोकळी करून दिली होती : १९८० चा माद्रिदचा ठराव आणि १९९६ चा कार्ल्सरूहचा करार, ज्यांनी सरहद्दीवरच्या स्थानिक संस्थांना एकमेकींशी व्यवहार करायची मुभा दिली.

ती माणसं आपल्यापेक्षा चांगली आहेत म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. ऱ्हाईन नदीचा इतिहास बघा. १९५० पासून तिच्या रक्षणासाठी आयोग होता, तरी बाझेलजवळच्या एका रासायनिक गोदामाला आग लागली आणि आग विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत जाऊन नदी लाल झाली, मासे मेले, तेव्हा कुठं सगळे खडबडून जागे झाले. ती तारीख होती १ नोव्हेंबर १९८६. आमच्या १ नोव्हेंबरला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं झाली होती. आमच्याकडं एका बाजूला राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला काळा दिवस, आणि तिकडं लाल नदी!

आपल्याकडं अडचण कायद्याचीही आहे. घटनेत पाणी हा राज्यांचा विषय, आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राच्या यादीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना पाणीपुरवठ्याची कामं मिळाली, जिल्हा नियोजन समित्या आल्या. पण बेळगावची समिती बेळगावपुरती आणि कोल्हापूरची कोल्हापूरपुरती. राज्यांना एकत्र बसवणाऱ्या विभागीय परिषदा आहेत, तिथंही महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि कर्नाटक दक्षिण विभागात. एका नदीकाठची दोन गावं, आणि त्यांची खुर्ची एका खोलीत नाही.

यात आपलीही एक बाजू आहे, ती लपवू नये. वरच्या गावांचं सांडपाणी खाली येतं अशी आपली तक्रार असते. पण संकेश्वरच्या खाली घटप्रभेपर्यंत जी गावं आहेत, त्यांच्या दृष्टीने 'वरचं गाव' आपणच. उद्या पाण्याचे, घाणीचे मीटर बसवायचे म्हटलं तर पहिला मीटर आपल्याच नाल्याच्या तोंडाशी बसवावा लागेल. जिनिव्हानेही मुरवण्याच्या कारखान्याला आधी स्वतःचा पैसा घातला होता, हे लक्षात घ्यावं.

आणि सुरुवात सीमाप्रश्न सुटेपर्यंत थांबायची गरज नाही. १९७८ चा जिनिव्हाचा कागदही सुरुवातीला एका कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याच्या सहीनेच झाला होता. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांना कलेक्टर आहेत. पूर आला की त्यांची बोलणी होतातच. बरगे काढायच्या आणि घालायच्या तारखा आठ दिवस आधी पलीकडं कळवणं, पावसाळ्यात तासागणिक पातळी कळवणं, एवढं त्या बोलण्यात लेखी बसवायला कुठल्या लवादाची परवानगी लागत नाही, आणि सात टीएमसीला धक्काही लागत नाही.

जिनिव्हाचा सध्याचा करार १ जानेवारी २००८ पासून तीस वर्षांचा आहे. २०३७ च्या शेवटी तो संपेल, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या मीटरच्या वह्या घेऊन पुन्हा समोरासमोर बसतील.