नऊचा ओपन, बाराचा क्लोज

मंडळी, कॅसिनो म्हटलं की आपल्याला गोव्याची बोट आठवते. गिरणगावातल्या कामगाराला मात्र एवढ्या लांब जायची गरज नव्हती. त्याचा कॅसिनो चाळीखालीच होता: मटका.

सुरुवात कापसापासून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे, त्यांवर सट्टा लागायचा. 1961 मध्ये हे बंद पडलं. पण सवय थोडीच बंद पडते? 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा खेळ काढला, 1964 मध्ये रतन खत्रींनी त्यांचा. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढायच्या, म्हणून मटका. पुढे पत्ते आले, नाव तेच राहिलं.

खत्रींचा खेळ रात्रीचा. नऊला तीन पत्ते निघायचे. समजा चौर्री, सत्ती, दुर्री. बेरीज तेरा, म्हणून आकडा तीन. हा ओपन. बाराला पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज.

पत्ते सरळ निघतायत ना, यावर सगळ्यांचा डोळा. खेळाची पत त्यावरच टिकून होती. पण गोम पत्त्यांत नव्हतीच हो, दरात होती! आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावलात, तरी हातात नऊच. पत्ते अगदी सरळ निघाले तरी दहातला एक रुपया वर जाणारच, तोही दररोज.

1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. मटका आता फोनवर आलाय. ओपन, क्लोज, जोडी, सगळे शब्द तेच. फक्त चाळ उतरावी लागत नाही.