दोन गावांचे पाणी

आपल्याकडे वसंत ऋतू आला की विहिरी खोल जाऊ लागतात, नळ नेहमीपेक्षा लवकर बंद होतो आणि घरोघर पाण्याचीच चर्चा सुरू होते. पाणी किती वाजता आले, किती वेळ राहिले, वरच्या मजल्यावर चढले की नाही, हे आपण एकमेकांना विचारतो. ते काय बरोबर घेऊन आले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दिसायला स्वच्छ आहे, वास नाही, चव बरी आहे, एवढे पाहिले की आपले समाधान होते. या समाधानाची किंमत दोन लहान गावांना कशी मोजावी लागली, हा आजचा विषय आहे. योगायोगाने या दोन्ही घटना वसंतातल्याच आहेत. पहिली १८८५ सालची, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील प्लिमथ गावची. दुसरी २००० सालची, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन गावची. दोहोंमध्ये ११५ वर्षांचे अंतर आहे, आणि शुद्ध पाण्याचे शास्त्र बहुतेक सारे या अंतरातच घडले. मग दुसरी घटना घडलीच कशी? खरा प्रश्न तो आहे.

प्लिमथ हे सुमारे आठ हजार वस्तीचे, कोळशाच्या खाणींवर जगणारे गाव. शेजारून सस्क्वेहाना नदी वाहते. नदीच्या वरच्या अंगाला विल्क्स-बॅरी हे मोठे शहर असल्यामुळे त्याची घाण नदीत येई. गावाला पाणी पुरविणाऱ्या कंपनीची भिस्त नदीवर नव्हती. डोंगरातून येणारा एक ओढा अडवून एकाखाली एक तलाव बांधलेले होते. तेथून नळाने आलेले पाणी नितळ आणि थंडगार असे. नदीचे पाणी पंपाने चढविण्याची वेळ क्वचित येई.

१८८५ च्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गावात विषमज्वराची, म्हणजे ज्याला आपण टायफॉइड म्हणतो त्याची, साथ उसळली. एकेका दिवसाला पन्नासाहून अधिक नवे रोगी होऊ लागले. घरातला कर्ता पुरुष, त्याची बायको, मुले अशी सारीच अंथरुणाला खिळली. साथ ओसरली तेव्हा रोग्यांची संख्या ११०४ आणि मृतांची ११४ भरली. आठ घरांच्या आळीत सातआठ माणसे आजारी पडावीत, असे हे प्रमाण होते.

पहिला संशय अर्थातच नदीवर गेला, आणि त्याला कारणही होते. मार्चच्या अखेरच्या दिवसांत डोंगरावरचे तलाव गोठलेले असल्याने काही दिवस नदीचे पाणी चढविण्यात आले होते. घाण नदी, घाण पाणी आणि मग साथ, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता. परंतु आसपासच्या डॉक्टरांनी घरोघर फिरून नोंदी घेतल्या तेव्हा असे दिसले की, विहिरीचेच पाणी पिणारी कुटुंबे बहुतांशी सुटली होती आणि डोंगरातल्या पाण्याच्या नळावर अवलंबून असणाऱ्यांना रोगाने गाठले होते. मग तपास ओढ्याच्या काठाने वर वर गेला आणि एका घरापाशी येऊन थांबला.

त्या घरातला एक माणूस नाताळात फिलाडेल्फियास गेला होता. तो परतला तो विषमज्वर घेऊनच, आणि जानेवारीपासून कित्येक आठवडे आजारी होता. घर ओढ्याला लागून होते. रोग्याची विष्ठा रात्री बाहेर बर्फावर टाकण्यात येई. जमीन दगडासारखी गोठलेली असल्यामुळे ती मुरली नाही. बर्फाच्या थरात तशीच साठून राहिली. मार्च संपता संपता ऊन पडले, बर्फ वितळला आणि हिवाळ्यात साठलेले सारे एकदम ओढ्यात, ओढ्यातून तलावात आणि तलावातून नळात उतरले. विषमज्वराचा जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे लागतात. तो हिशेबही नेमका जुळला.

एका माणसाच्या दुखण्यातून ११०४ माणसे आजारी पडली. त्या घरच्या मंडळींना दोष द्यावा, तर विष्ठेत रोगाचे बीज असते हे त्यांना कोणी सांगितले होते? दूषित पाण्यातून पटकी पसरते हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखविले होते. विल्यम बड यांनी विषमज्वराविषयी तेच प्रतिपादन केले होते. विषमज्वराचा जंतू एबर्ट यांनी १८८० साली पाहिला आणि गाफ्की यांनी १८८४ साली, म्हणजे प्लिमथच्या साथीच्या एकच वर्ष आधी, प्रयोगशाळेत वाढविला. ज्ञान होते, परंतु ते डोंगरावरच्या त्या घरापर्यंत पोचले नव्हते. प्लिमथच्या साथीने एक गोष्ट कायमची शिकविली: गढूळ पाण्याविषयी माणूस सावध असतो, नितळ पाणीच त्याला फसविते.

पुढच्या पंचवीस वर्षांत जगाने हा धडा झपाट्याने गिरविला. १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्याच एल्ब नदीचे, आणि तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, पाणी पिणारे शेजारचे आल्टोना शहर मात्र बव्हंशी बचावले, कारण आल्टोनात ते पाणी वाळूतून गाळून घेत असत. १८९७ साली इंग्लंडातील मेडस्टन येथे विषमज्वराची साथ आल्यावर गावाचे नळच ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन काढण्यात आले. १९०५ साली लिंकन येथे अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी नळाच्या पाण्यात क्लोरीन सतत सोडण्याचा उपाय केला. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीचे पाणी डॉक्टर जॉन लील यांच्या सल्ल्याने क्लोरीनने शुद्ध होऊ लागले. पाण्यात रसायन मिसळणे हेच विषप्रयोगासारखे आहे, अशी तेव्हा लोकांची समजूत होती; लील यांना न्यायालयात उभे राहून आपल्या उपायाचे समर्थन करावे लागले. पण उपाय टिकला, कारण तो स्वस्त होता, सोपा होता आणि त्याने माणसे जगत होती. एक लिटर पाण्यात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन शिल्लक राहिला की बहुतेक रोगजंतू मरतात. शिवाय पुढे नळात कोठे घाण शिरली, तर तिच्याशी झुंजायला तो शिल्लक असतो. आणि तो नाहीसा झालेला दिसला, तर काहीतरी बिघडले आहे अशी वर्दीही त्यातूनच मिळते.

असो. आता आपण २००० सालच्या मे महिन्यात येऊ.

वॉकर्टन हे सुमारे ४८०० वस्तीचे, शेतीच्या मुलखातले सधन गाव. पाणी विहिरींचे. त्यांतली पाच क्रमांकाची विहीर १९७८ साली खोदलेली होती आणि अवघी १५ मीटर खोल होती. तिला पाणी मिळे ते जमिनीखाली पाचसात मीटरवर असलेल्या, भेगा पडलेल्या खडकातून. जवळच शेत होते. विहीर उथळ आहे, वरची घाण तिच्यात उतरू शकते, हे ती खोदली तेव्हाच दिसून आले होते. परंतु विहीर सुरू झाली आणि ती जाणीव कागदांतच राहिली.

८ ते १२ मे या पाच दिवसांत तेथे १३४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शेतात घातलेल्या शेणखतातले जंतू भेगांतून विहिरीत उतरले. त्यांत ई. कोलाय या जंतूची ओ-१५७ नावाची घातक जात होती आणि कॅम्पिलोबॅक्टर हा दुसरा जंतूही होता. ई. कोलायच्या बहुतेक जाती आपल्या आतड्यांत निरुपद्रवीपणे नांदतात. ही जात मात्र रक्ताची हगवण लावते आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकते. खत घालणाऱ्या शेतकऱ्याने सर्व नियम पाळले होते, असा निर्वाळा पुढे चौकशीत मिळाला.

पाण्यात पुरेसा क्लोरीन असता, तर एवढ्यावरही निभावले असते. परंतु पाणीपुरवठ्याचा कारभार पाहणाऱ्या दोघा भावांना क्लोरीनचे महत्त्व कधी उमगलेच नव्हते. ते स्वतः विहिरीचे क्लोरीन नसलेले पाणी आवडीने पीत. गावकरीही क्लोरीनच्या वासाची तक्रार करीत. म्हणून ठरल्यापेक्षा कमी क्लोरीन सोडायचा, रोजचे मोजमाप टाळायचे आणि वहीत मात्र ०.५ किंवा ०.७५ असा आकडा लिहून टाकायचा, ही वर्षानुवर्षांची वहिवाट झाली होती. तपासणीसाठी पाठविलेल्या बाटल्यांवर भलत्याच ठिकाणांची नावे घालण्यात येत. यात पैसे खाणे नव्हते की कोणाचे वाईट चिंतणे नव्हते. इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार, एवढाच विचार.

१५ मे रोजी घेतलेल्या नमुन्यांत ई. कोलाय आढळल्याचे प्रयोगशाळेने १७ मे रोजी व्यवस्थापकास कळविले. १८ आणि १९ तारखेस मुले रक्ताची हगवण घेऊन शेजारच्या गावच्या इस्पितळात येऊ लागली, तेव्हा तेथील बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना शंका आली. आरोग्य खात्याने व्यवस्थापकास विचारले, पाणी ठीक आहे ना? ठीक आहे, असे उत्तर मिळाले. पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. इकडे तो घाईघाईने नळ धुऊन काढीत होता आणि भरपूर क्लोरीन सोडीत होता. अखेर २१ मे रोजी आरोग्याधिकाऱ्यांनी पाणी उकळून पिण्याची सूचना स्वतःच्या जबाबदारीवर दिली. त्या दिवशी ती गावातल्या निम्म्याच लोकांपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी पहिला मृत्यू झाला. एकूण ७ माणसे दगावली आणि २३०० हून अधिक आजारी पडली. म्हणजे जवळजवळ निम्मे गाव.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ साली आपला अहवाल दिला. दोघा भावांचा दोष त्यात स्पष्ट सांगितला आहे; २००४ साली न्यायालयाने त्यांना शिक्षाही केली. परंतु न्यायमूर्ती तेथे थांबले नाहीत. या माणसांना परीक्षेशिवाय, केवळ जुन्या नोकरीच्या आधारावर प्रमाणपत्रे कोणी दिली? निरीक्षक येऊन गेले, त्यांनी वह्यांतले ते एकसारखे आकडे पाहून शंका का घेतली नाही? १९९६ साली सरकारी प्रयोगशाळांनी पाणी तपासण्याचे काम सोडले आणि ते खाजगी प्रयोगशाळांकडे गेले. मग वाईट निकाल थेट सरकारला कळविण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर का घातले नाही? विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा अखंड मोजणारे यंत्र का नव्हते? असे यंत्र असते तर ही साथच टळली असती, असे आयोगाने म्हटले आहे. आणि १९ मे रोजीच खरे सांगितले असते, तर निदान तीनचारशे माणसे आजारातून वाचली असती.

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. प्लिमथला ज्ञान पोचले नव्हते. वॉकर्टनला ज्ञान होते, यंत्र होते, औषध होते, नियम होता आणि नोंदवहीही होती. फक्त नोंदवहीतला आकडा खोटा होता. म्हणजे ११५ वर्षांत फसवणुकीची जागा बदलली. पूर्वी नितळ पाणी फसवीत होते, आता नीटनेटकी वही फसवू लागली. शुद्ध पाणी डोंगराने दिलेले दान नव्हे, आणि एकदा पैसे खर्चून उभारलेली इमारतही नव्हे. ते रोज सकाळी कोणीतरी प्रामाणिकपणे करावयाचे काम आहे. ज्या दिवशी ते होत नाही, त्या दिवशी काहीच घडत नाही. बहुधा दुसऱ्या दिवशीही घडत नाही. हीच त्यातली मोठी अडचण आहे. चांगल्या पाणीपुरवठ्याचे यश म्हणजे काहीही न घडणे. त्याला कोणी हारतुरे घालीत नाही, आणि म्हणूनच त्यात कसूर करणे सोपे जाते.

कॅनडा दूर आहे, असे कोणी म्हणू नये. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बॅरी या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांतल्या काही रुग्णांच्या तपासणीत जो कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला, तोच वॉकर्टनमध्येही होता. आपल्या गावोगावी आज टी. सी. एल. पावडर आहे, ती पाण्यात मिसळणारा जलसुरक्षक आहे, आणि नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही हे पाहण्याची साधी ओ. टी. चाचणीही आहे. साधनांची वाण फारशी नाही. पाण्याला औषधाचा वास येतो, अशी तक्रार आपण करतो, तेव्हा त्या जलसुरक्षकाला आपण नकळत काय सांगत असतो, याचा विचार मात्र करावा. आणि पाणी किती वाजता आले हे विचारतो तसेच, आज क्लोरीन मोजला का, कोणी मोजला, तुमच्या वहीत काय लिहिले आहे, ती वही जरा पाहू, असेही विचारावे. त्यात अविश्वास नाही. रोज कोणीतरी आपली वही पाहतो आहे, हे ठाऊक असलेला माणूस ती खरी लिहितो. वॉकर्टनमध्ये तेवढेच झाले नव्हते.