शुक्र : पृष्ठरचना आणि समन्वेषण

शुक्र : सूर्यापासूनचा दुसरा व पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणारा ग्रह. व्यास १२,१०४ किमी., वस्तुमान पृथ्वीच्या सु. ८१.५ टक्के. सूर्याभोवतीची फेरी २२५ दिवसांत पुरी होते. स्वतःभोवती फिरायला मात्र २४३ दिवस लागतात, तेही उलट दिशेने. त्यामुळे तेथे सूर्य पश्चिमेला उगवतो.

पृथ्वीशी साम्य आकारमानापुरतेच आहे. वातावरणात ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीवरच्या सु. ९२ पट आणि तापमान सु. ४६५° से. असते. शुक्र बुधापेक्षा सूर्यापासून दूर असूनही अधिक तापतो, तो या वायूने उष्णता कोंडून धरल्यामुळे. वर सल्फ्यूरिक अम्लाच्या थेंबांचे ढग असून ते सु. चार दिवसांत ग्रहाला वळसा घालतात.

या ढगांमुळे दुर्बिणीला पृष्ठभाग कधीच दिसला नाही. खाली दलदल किंवा समुद्र असेल, अशी कल्पना विसाव्या शतकातही केली जात होती. १४ डिसेंबर १९६२ रोजी जवळून गेलेल्या अमेरिकेच्या मरिनर-२ यानाच्या मोजणीने ती मोडीत काढली. सोव्हिएट संघाच्या व्हेनेरा-७ ची कथा विशेष सांगण्याजोगी आहे. १५ डिसेंबर १९७० रोजी उतरताना त्याचे पॅराशूट निकामी झाले, यान जोरात आदळले आणि संदेश थांबला असे वाटले. पुढे नोंदफिती बारकाईने तपासल्यावर गोंगाटात दबलेला २३ मिनिटांचा क्षीण संदेश सापडला. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून आलेला तो पहिला संदेश. व्हेनेरा-९ ने १९७५ मध्ये तेथील खडकांचे पहिले छायाचित्र पाठवले. १९८२ मध्ये व्हेनेरा-१३ त्या भट्टीत १२७ मिनिटे टिकले. यंत्रे इतकी अल्पायुषी ठरणार हे ठाऊक असूनही ती पाठवणाऱ्या अभियंत्यांची चिकाटी थोर म्हटली पाहिजे.

ग्रहाचा नकाशा मिळाला तो रडारमुळे. मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात सु. ९८ टक्के पृष्ठभाग टिपला. बहुतेक भाग लाव्हाची मैदाने आहेत. उत्तरेस इश्तार, विषुववृत्तालगत ॲफ्रोडायटी असे दोन मोठे उंचवटे आहेत. इश्तारवर लक्ष्मी पठार असून त्याच्या पूर्वेस सु. ११ किमी. उंचीचा मॅक्सवेल हा सर्वोच्च पर्वत आहे. पृथ्वीसारखी सरकती भूपट्टे मात्र आढळत नाहीत. आघातविवरे सु. ९०० च असल्याने आजचा पृष्ठभाग सु. ३० ते ६० कोटी वर्षांचाच, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने तरुण असावा. लहान उल्का दाट हवेतच नष्ट होत असल्याने छोटी विवरे नाहीत.

मॅक्सवेलसारखे मोजके अपवाद वगळता येथील भूरूपांना स्त्रियांची नावे आहेत. जोशी विवर डॉ. आनंदीबाई जोशींच्या, मेधावी विवर पंडिता रमाबाईंच्या, तर झिराड विवर मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या स्मरणार्थ आहे.

मॅगेलनच्या जुन्या प्रतिमा पुन्हा तपासताना माट पर्वताजवळील एका ज्वालामुखाचा आकार १९९१ मध्ये काही महिन्यांत बदलल्याचे आढळले; हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शुक्रावर आजही ज्वालामुखी जागृत असल्याचा हा सर्वांत थेट पुरावा होय. मॅगेलननंतर यूरोपचे व्हीनस एक्सप्रेस व जपानचे अकात्सुकी यांनी मुख्यतः वातावरण अभ्यासले. इस्रोच्या शुक्र परिभ्रमण मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली असून प्रक्षेपण मार्च २०२८ मध्ये नियोजित आहे. यानावर पृष्ठभाग टिपणारे रडार असेल.