मोरा बंदराचे मीठ आणि समुद्रातला चुना

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मुंबईचे बंदर ओलांडून मोरा येथे लागते, तेव्हा धक्क्याच्या पायऱ्यांवर आपटणाऱ्या त्या गढूळ, खारट पाण्यावरच उरण बेटाची कित्येक पिढ्यांची गुजराण झाली, ही गोष्ट उतारूंपैकी फारशी कोणाच्या ध्यानात येत नसावी. उरणची मिठागरे आणि दारूच्या भट्ट्या इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात प्रसिद्ध होत्या. भट्ट्यांची कथा निराळी आहे, मिठाची मात्र येथे सांगितली पाहिजे.

उधाणाचे पाणी उघाडीवाटे बांधाच्या आत घ्यावे, उथळ वाफ्यांतून पुढेपुढे नेत उन्हात तापवावे आणि ते पुरेसे दाट झाले म्हणजे अखेरच्या वाफ्यात मिठाचे कण धरू द्यावेत, ही आगरी लोकांची परंपरागत विद्या. 1849 मध्ये उसिग्लिओ या रसायनज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी आटवून जो क्रम नोंदला, तोच क्रम या वाफ्यांत प्रत्येक उन्हाळ्यात आपोआप घडत आला आहे: पाणी सुमारे निम्मे आटले की प्रथम कॅल्शियमचे कार्बोनेट, म्हणजे चुन्याचाच एक प्रकार, तळाशी बसते, पाचवा हिस्सा उरला की जिप्सम बसते, आणि दहावा हिस्सा उरल्यावर कुठे मीठ धरू लागते. तात्पर्य, मीठ शुभ्र आणि चोख निघावे म्हणून समुद्राला आपला बहुतेक चुना आधीच टाकून द्यावा लागतो.

सरकारचे लक्ष अर्थातच मिठावर होते. 1890 च्या मुंबई मीठ कायद्यान्वये परवाना, पहारा, वजन आणि जकात यांचा जो बंदोबस्त झाला, त्यात मणामणाचा हिशेब दफ्तरी दाखल होई. 1947 मध्ये मिठावरचा कर उठला. तळाशी बसलेल्या चुन्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत झाली नाही. कोकणच्या माणसाला चुना ठाऊक होता तो शिंपल्यांचा: भट्टीत भाजलेला, घाणीत मळलेला, वाड्यांच्या आणि देवळांच्या भिंतींतला. तो शिंपल्यांतल्या जिवांनी समुद्राच्या पाण्यातूनच काढलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच पाण्यातून घर बांधणाऱ्या प्रवाळाचा उद्योगही परका वाटत नाही.

खुल्या समुद्राच्या एका किलो पाण्यात कॅल्शियम सुमारे 410 मिलिग्रॅम असते. पाणी न आटवता, केवळ आपल्या देहाच्या व्यापाराने, प्रवाळ त्यातून ॲरागोनाइटचे पाषाणघर बांधतो. पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्याने किनाऱ्याची क्षारता उतरली की कॅल्शियमही त्या मानाने उतरते आणि बांधकाम मंदावते. परंतु कॅल्शियम एकटे पुरत नाही, त्याच्या जोडीला कार्बोनेट लागते. हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला असता कॅल्शियम तसूभरही घटत नाही, कार्बोनेट मात्र घटते; म्हणजे विटा रचून ठेवलेल्या असताना त्या सांधणारा मालच सापडेनासा झाल्यासारखी गवंड्याची अवस्था होते. त्यातच पाणी गढूळ असेल तर प्रवाळाला पोसणाऱ्या सूक्ष्म शैवालांना प्रकाश मिळत नाही. मोऱ्यासमोर चिखल फार म्हणून प्रवाळभिंत नाही. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर वरळी आणि हाजी अली येथे मात्र लहान वसाहती आढळल्या, आणि सागरी रस्त्याच्या कामापायी 2020 मध्ये त्यांपैकी 18 हलवाव्या लागल्या. दक्षिणेस मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव धारण केलेली आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रतळावरचा उंचवटा, पाण्याखाली प्रवाळ जोपासून आहे.

1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि उरणच्या खाजणांचे रूप पालटले. मिठाच्या मणामणाची नोंद ज्या काटेकोरपणे या किनाऱ्यावर झाली, त्याच काटेकोरपणे मालवणच्या आणि आंग्रिया बँकेच्या पाण्यातील कॅल्शियमची, कार्बोनेटची आणि उष्णतेची नोंद वर्षानुवर्षे ठेवली जावी, आणि ती मच्छीमारांना वाचता येईल अशा मराठीत त्यांच्या बंदरावर लावली जावी, एवढी विनंती संबंधित खात्यांस आहे.