न उजळलेले मूत्रपिंड : एका पुराव्याचा इतिहास

१९२७ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधील डॉ. आर्थर सेसिल आल्पोर्ट यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लघवीतून रक्त जात असे. पुरुषांना बहिरेपण येई आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ते तरुणपणीच दगावत. स्त्रियांनाही विकार असे, पण त्या बहुधा म्हातारपण पाहत. या लोकांच्या मूत्रपिंडात नेमकी कशाची उणीव आहे, हे कळायला पुढे सहा दशके लागली. आजचा धागा त्या शोधाविषयी. यात लढाया नाहीत, तहही नाहीत. पण पुराव्याची पारख आहे, म्हणून इतिहासाच्या वाचकांना तो परका वाटू नये.

या शोधातली कळ एका वेगळ्याच आजाराने फिरवली. १९१९ मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी इन्फ्लुएन्झाच्या साथीचा अभ्यास करताना १८ वर्षांच्या एका मुलाची नोंद केली होती. त्याच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला होता आणि मूत्रपिंडांचाही दाह झाला होता. १९५८ मध्ये मेलबर्नच्या स्टँटन आणि टँज यांनी असेच नऊ रुग्ण एकत्र मांडले आणि आजाराला गुडपाश्चरचे नाव दिले. कारण मात्र अंधारातच होते.

आता अल्बर्ट कून्स यांच्याकडे वळू. हार्वर्डचा हा तरुण डॉक्टर १९३९ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये होता. संधिवाती तापात हृदयात ज्या गाठी होतात, त्यांत जंतूंचा अंश खरोखर असतो का, हा प्रश्न त्याला पडला होता. शरीर जंतूंविरुद्ध प्रतिपिंड तयार करते आणि प्रत्येक प्रतिपिंड आपले ठरलेले लक्ष्यच पकडतो. मग प्रतिपिंडालाच चमकणारा रंग जोडला तर? लक्ष्य जिथे असेल तिथे उजेड दिसेल. १९४१ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीनचा निळा रंग वापरून पाहिला. पण अतिनील प्रकाशात ऊतीही स्वतःच निळसर चमकते. त्यामुळे खूण आणि पार्श्वभूमी वेगळी ओळखू येईना. पुढच्याच वर्षी हिरवा चमकणारा फ्लुओरेसीन आला आणि अडचण सुटली. तो जोडण्यासाठी लागणारे रसायन बनवताना फॉसजीन वापरावा लागे, म्हणजे पहिल्या महायुद्धातला विषारी वायू! १९५८ मध्ये रिग्ज यांच्या चमूने त्याला सुरक्षित पर्याय दिला, तेव्हा कुठे ही पद्धत सामान्य प्रयोगशाळांच्या आवाक्यात आली.

दरम्यान १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईने जिवंत रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी मूत्रपिंडाची ऊती बव्हंशी शवविच्छेदनातूनच मिळे.

सुई आणि चमकता प्रतिपिंड एकत्र आले, आणि १९६० च्या दशकात गुडपाश्चरच्या रुग्णांच्या मूत्रपिंडात एक विलक्षण दृश्य दिसले. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांभोवती एक पातळ आधारपटल असते. त्या पटलावर प्रतिपिंडांची अखंड, रेखीव हिरवी ओळ उमटली होती. इतर कित्येक मूत्रपिंडदाहांत असे डाग कणीदार, विस्कळीत दिसतात. येथे मात्र शरीर स्वतःच्याच पटलावर चालून गेले होते. १९६७ मध्ये लर्नर, ग्लासॉक आणि डिक्सन यांनी रुग्णांच्या मूत्रपिंडांतून हे प्रतिपिंड वेगळे करून माकडांना टोचले. माकडांनाही मूत्रपिंडदाह झाला. आरोप सिद्ध झाला.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत सुंदर टप्पा यानंतर येतो. जो प्रतिपिंड रुग्णाचा घात करतो, तोच एका विशिष्ट प्रथिनाचा अचूक शोधकही असतो. १९८० च्या सुमारास संशोधकांनी गुडपाश्चरच्या रुग्णांचे प्रतिपिंड आल्पोर्टच्या रुग्णांच्या ऊतीवर टाकून पाहिले. निरोगी मूत्रपिंडाचे पटल लखलखले, आल्पोर्टच्या बहुतेक पुरुष रुग्णांचे काळोखेच राहिले. ते प्रथिन तिथे नव्हतेच.

नव्हतेच? इथे थांबायला हवे. एखाद्या घटनेचा उल्लेख कागदात नाही म्हणून ती घडलीच नाही, असे आपण म्हणत नाही. कागद फाटलेला असू शकतो, लिहिणाऱ्याने मौन पाळलेले असू शकते. ऊतीचेही तसेच आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीत प्रथिनांचे धागे एकमेकांना जखडले जातात आणि प्रतिपिंडाला लक्ष्य सापडत नाही. म्हणून ही तपासणी गोठवलेल्या कापांवर करण्याची रीत पडली. या प्रथिनाची तर आणखी पंचाईत होती: त्याची ओळखखूण मूळच्या घडीतच दडलेली असते. आम्लयुक्त युरियाने ती घडी उलगडली की खूण उघडी पडते. शिवाय शेजारच्या कापावर पटलातलेच दुसरे, हमखास असणारे प्रथिन शोधावे लागते. ते उजळले आणि हे उजळले नाही, तरच अंधाराला पुरावा म्हणायचे.

एक स्वतंत्र साक्षही मिळाली. आल्पोर्टच्या काही थोड्या रुग्णांत, निरोगी मूत्रपिंडाचे रोपण झाल्यावर, नव्या पटलाविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले. जे प्रथिन त्या शरीराने कधी पाहिलेच नव्हते, ते त्याला परके वाटले.

हे प्रथिन कोणते? १९८० च्या दशकात स्वीडनचे यॉर्गन वीसलँडर आणि कॅन्ससचे बिली हडसन यांच्या कामातून ते आधारपटलातले चौथ्या प्रकारचे कोलॅजेन ठरले, आणि दशक संपता संपता त्यातला अल्फा-३ हा धागा निश्चित झाला. म्हणजे आल्पोर्टच्या विकारात अल्फा-३ चे जनुक बिघडलेले असणार, असा सरळ तर्क झाला असता. पण वंशावळी वेगळेच सांगत होत्या. पुरुषांना तीव्र आणि स्त्रियांना सौम्य, ही आल्पोर्ट यांनी पाहिलेली रीत एक्स गुणसूत्राकडे बोट दाखवते. अल्फा-३ चे जनुक तर दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. १९९० मध्ये बार्कर, ट्रिगव्हासन आणि सहकाऱ्यांनी खरा बिघाड दाखवला: तो एक्स गुणसूत्रावरील अल्फा-५ च्या जनुकात होता. अल्फा-३, ४ आणि ५ हे तीन पेड एकत्र वळूनच दोर होतो. एक पेड नसला की उरलेले दोन टिकत नाहीत आणि पटलात पोहोचत नाहीत. प्रतिपिंडाने रिकामी जागा अगदी बरोबर दाखवली होती. ती कोणामुळे रिकामी झाली, हे सांगणे त्याच्या हातात नव्हते. ते वंशावळीने सांगितले.

अल्फा-५ विरुद्धचे प्रतिपिंड हाती आल्यावर आल्पोर्टच्या स्त्रियांचेही कोडे दिसू लागले. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते. त्यामुळे त्यांचे पटल तुटक उजळते: थोडे हिरवे, थोडे काळोखे, पुन्हा हिरवे. अल्फा-५ कातडीच्या पटलातही असतो. म्हणून लघवीतून रक्त जाणाऱ्या मुलाच्या कातडीचा लहानसा तुकडा कधी कधी निदानाला पुरतो आणि मूत्रपिंडात सुई घालावी लागत नाही. कातडी काळोखी राहिली तर निदान पक्के मानता येते. ती उजळली तर मात्र मूत्रपिंड किंवा जनुके तपासावीच लागतात.