सांडव्याखालचे शहर

मार्च 2022 मध्ये मुंबईने आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला. समुद्र आमच्या नागपूरपासून सातआठशे किलोमीटर लांब. आपल्याला काळजी फक्त उन्हाळ्याची, असे वाटले.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ही समजूत वाहून गेली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतली माणसे झोपेतच पाण्यात सापडली. निदान चार जीव गेले.

वर्गात मी इतिहास शिकवायचो. बख्त बुलंद शाहाने 1702 मध्ये शहर वसवले, चांद सुलतानाने जुम्मा तलाव (आजचा गांधीसागर) बांधला, 1870 च्या सुमारास अंबाझरीचे पाणी शहराला मिळू लागले. तलाव कोणी बांधला, हा प्रश्न परीक्षेत हमखास असे. भरल्यावर जास्तीचे पाणी कुठे जाते, हे मी एकदाही विचारले नाही! ते नागनदीत जाते. जिच्यावरून शहराचे नाव पडले म्हणतात, तिला आम्ही सगळे नाला म्हणतो. मीसुद्धा. नाल्याकाठी घर बांधायला भीती कसली?

पुरानंतर रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. चर्चा सांडव्यासमोरच्या स्मारकाची बरीच झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण स्मारक हलवले तरी खाली नदीला पसरायला जागा कुठे ठेवली आहे? त्या जागेवर घरे आहेत, आणि त्यांतली काही माझ्याच विद्यार्थ्यांची आहेत.